गावच्या घरावरचे जुने सिमेंटचे पत्रे काढायचेत, ॲस्बेस्टॉसचं काय करायचं?

आगरातली | ६ एप्रिल, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, आधीच माफी मागते.

श्रीवर्धनजवळ सासरचं घर आहे. मूळ घर कौलारू, पण मागची पडवी, न्हाणी आणि गोठा यांच्यावर सिमेंटचे पत्रे आहेत, अण्णांनी (सासरे) १९८६ साली घातलेले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यातले बरेचसे फुटले, तेव्हा लाइट नाही, रस्ता नाही, माणूस मिळेना, म्हणून मिळतील तसे नवे जुने पत्रे घालून कसंबसं झाकलं. फुटलेले तुकडे अजून आगराच्या कडेला रचून आहेत, काही माडांच्या आळ्यांभोवती लावलेत, काही पायवाटेवर चिखल होऊ नये म्हणून टाकलेत. कोकणातल्यांना चित्र डोळ्यासमोर आलं असेलच.

आता मे महिन्यात सगळं काढून रंगीत लोखंडी पत्रे घालायचं ठरलंय. फॅब्रिकेटर म्हणतो, "वहिनी दोन पोरं देतो, वरून हातोड्याने फोडत जातील, अर्ध्या दिवसात मोकळं." हे नवऱ्याच्या कानावर गेलं, त्याने रात्रभर नेटवर वाचलं आणि सकाळी जाहीर केलं की आपण सगळे कॅन्सरने जाणार. अण्णा म्हणतात चाळीस वर्षं याच पत्र्याखाली झोपलो, मला काय झालं. मी मध्ये.

तर प्रश्न असा की खरंच किती भ्यायचं, काढताना काय करायचं आणि काढलेले पत्रे टाकायचे कुठे? घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, सुट्टीत तिकडेच असणार.

चहाटळ | ६ एप्रिल, रात्री ११:३२

काही होत नाही हो. आमची अख्खी शाळा सिमेंटच्या पत्र्याखाली झाली, शिवाय प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर ठेवायची ती मध्ये पांढरा गोल असलेली जाळी आठवते का, ती ॲस्बेस्टॉसचीच. आम्ही तो पांढरा भाग नखाने खरवडत बसायचो. बघा अजून जिवंत आहे आणि धाग्यांवर पिंका टाकतोय.

शिसपेन्सिल | ७ एप्रिल, सकाळी ७:०५

चहाटळ, तुमचं हे "मला काय झालं" फार लोकांच्या तोंडी असतं म्हणून जरा सविस्तर. मी सिव्हिलवाला आहे, कारखान्यांच्या शेडची कामं बरीच केलीत, त्यात जुने पत्रे उतरवायचं काम दरवेळी येतंच.

मैनाबाई... सॉरी आगरातली, पहिली गोष्ट, वर शाबूत असलेला पत्रा गुमान पडून असतो. त्यात ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे एका खनिजाचे, तंतू असतात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, बाकी सगळं सिमेंट, आणि त्या सिमेंटने तंतू घट्ट धरून ठेवलेले असतात. त्याच्याखाली झोपल्याने अण्णांना काही झालं नाही यात नवल नाही. गडबड सुरू होते ती पत्रा फुटला, कापला, भोक पाडलं, तारेच्या ब्रशने घासला की, कारण तंतू इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत तासन्‌तास तरंगतात, श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. तिथेच बसून राहतात. त्रास दिसायला वीस ते चाळीस वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे शाळेत जाळी खरवडली त्याचा हिशोब "मी अजून जिवंत आहे" एवढ्यावर होत नाही. एकदोनदा खरवडल्याने धोका फार वाढला असेल असंही नाही म्हणा, उगाच झोप उडवून घेऊ नका, पण सुरक्षित असा आकडा कोणी सांगत नाही. पांढरा, तपकिरी, निळा, ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर करतात हे नक्की झालेल्यांत आहेत. आणि विडी सिगरेट ओढणाऱ्याला दोन्ही धोके नुसते बेरीज होऊन येत नाहीत, गुणाकारासारखे वाढतात.

म्हणजे तुमचा फॅब्रिकेटर जे सुचवतोय, हातोड्याने फोडणं, तोच सगळ्यात वाईट मार्ग आहे. चाळीस वर्षं जे पत्र्यात अडकून होतं ते अर्ध्या दिवसात बाहेर.

आगरातली | ७ एप्रिल, सकाळी ९:२०

बापरे. धन्यवाद. पण मग काढायचेच का? तसेच ठेवून वरून रंग मारला तर?

(मैनाबाई कोण? 😀)

शिसपेन्सिल | ७ एप्रिल, दुपारी १:१५

दुसऱ्या धाग्यावर होतो, माफ करा.

शाबूत असते तर मी हेच म्हटलं असतं, राहू द्या. खालच्या बाजूने रोलरने प्रायमर आणि रंग मारून तंतू बंद करता येतात. पण तुमचे फुटके, ठिगळं लावलेले, चाळीस पावसाळे खाल्लेले. कडा भुसभुशीत झाल्या असतील, बोल्टभोवती चिरा असतील, वर शेवाळ. असे पत्रे दर वाऱ्याला कुरकुरतात आणि झडतात. ते काढलेले बरे. आणि रंगासाठी वरचं शेवाळ कोणी खराट्याने किंवा प्रेशरच्या पाण्याने घासायला निघालं तर त्याला आधी खाली उतरवा.

पागोळी | ७ एप्रिल, रात्री १०:४८

मी सहसा वाचनमात्र. पण ह्या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझे वडील मुंबईत पूर्व उपनगरात ॲस्बेस्टॉसच्या एका कारखान्यात होते, नाव लिहीत नाही. तागाच्या पोत्यांतून माल यायचा, पोती झटकून घडी घालून ठेवायची, धूळ इतकी की संध्याकाळी घरी येताना भुवया पांढऱ्या. आई अंगणात त्यांचे कपडे आपटून झटकायची आणि मग भिजवायची. रिटायर झाल्यावर दम लागायला लागला. आधी दमा म्हणून औषधं, मग टीबी म्हणून औषधं, मग कामगारांच्या एका आरोग्य शिबिरात एका डॉक्टरने पहिल्यांदा विचारलं, "बाबा, नोकरी कुठे केलीत?" तोपर्यंत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे त्या धुळीने फुप्फुसं कडक होत जातात. शेवटची दोन वर्षं जिना चढता आला नाही त्यांना.

सुप्रीम कोर्टाने १९९५ साली निकाल दिलाय की अशा कामगाराच्या तब्येतीची नोंद ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवायची. आम्ही कारखान्यात कागद मागायला गेलो तेव्हा मिळाले नाहीत.

हे घाबरवायला नाही सांगत. घरावरचा पत्रा आणि कारखान्यातली धूळ यात जमीन अस्मानाचं अंतर आहे हे मला कळतं. पण ते "दोन पोरं देतो" वाचलं आणि पोटात ढवळलं. ती पोरं आज इथे, उद्या दुसऱ्या घरावर, वर्षभर हेच करणार. तुमच्या मुलाला दोन दिवस आजोळी पाठवता येईल, त्या पोरांना कुठे पाठवणार?

आगरातली | ७ एप्रिल, रात्री ११:५५

पागोळी, काय लिहू कळत नाहीये. खरंच माझ्या डोक्यात फक्त माझा मुलगा होता.

सिडनीकर_पांडू | ८ एप्रिल, पहाटे ५:३०

आमच्याकडे हा रोजचा विषय आहे म्हणून लिहितो. पश्चिम सिडनीत आम्ही जुनं घर घेतलं, इथे त्याला फायब्रोचं घर म्हणतात, म्हणजे भिंतीच ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून पूर्ण बंदी आहे, पण आधीची घरं आहेतच ना. आमच्या राज्यात नियम असा की सिमेंटमध्ये घट्ट बांधलेला प्रकार दहा चौरस मीटरपर्यंत मालकाला स्वतः काढता येतो, त्याच्या वर गेलं की लायसन्सवाला लागतो. हाताने चुरा होणाऱ्या भुसभुशीत प्रकाराला तर हातच लावायचा नाही, त्याचं लायसन्सच वेगळं.

मी न्हाणीघराची एक भिंत स्वतः काढली, दहा मीटरच्या आत. तयारीला दीड दिवस, काम दोन तास. बायको म्हणाली चांद्रयान सोडतोयस का. पांढरा टोपीवाला सूट, बूटांवर कव्हर, पंप स्प्रेने सारखं पाणी, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब (पाणी नुसतं घरंगळत नाही, मुरतं), प्रत्येक तुकडा ०.२ मिमी जाडीच्या प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून टेप, वर लिहायचं की आत काय आहे, आणि ठरलेल्या डंपवर आधी फोन करून न्यायचं. साधा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात वापरायचा नाही, तो पुढून ओढतो आणि मागून तंतू घरभर फुंकतो.

इथले लोक एवढे का घाबरतात तर कारण आहे. कॅनबेरात एका कंत्राटदाराने साठ सत्तरच्या दशकात घरांच्या माळ्यावर थंडी अडवायला सुटं ॲस्बेस्टॉस भरलं होतं, कापसासारखं. ते भिंतींच्या फटीतून खाली येत राहिलं. शेवटी २०१४ साली सरकारने हजारावर घरं विकत घेऊन पाडायचं ठरवलं. आणि परवापरवाची गोष्ट, जानेवारी २०२४, सिडनीत रोझेलच्या नव्या बागेत झाडांखाली टाकलेल्या लाकडाच्या भुग्यात तुकडे सापडले, मग शोधत गेले तर बागा, शाळा, किती तरी ठिकाणी. म्हणून तुमचे ते माडाच्या आळ्यातले तुकडे वाचून हसू की रडू झालं.

चहाटळ | ८ एप्रिल, सकाळी ८:१२

पांडूशेठ, तुमच्याकडे डंपवाला फोन उचलतो. आमच्याकडे हा पत्रा अजून दुकानात राजरोस मिळतो. खाणींना नवी लीज देणं १९८६ पासून बंद केलं म्हणे सरकारने, पण बाहेरून आणून पत्रे बनवणं चालूच. जी वस्तू विकायला परवानगी आहे तिला काढताना चांद्रयानाचा सूट घाला म्हटलं तर गावात वेड्यात काढतील.

पण पागोळींचं वाचलं. वरची माझी कमेंट जरा बालिश होती.

शिसपेन्सिल | ८ एप्रिल, रात्री ९:४०

आज जरा वेळ आहे, तर आमच्या पद्धतीने कसं करतो ते सांगतो, तुमच्या घराला बेतेल तसं बघा.

सगळ्यात आधी, माणूस पडणं. धूळ चाळीस वर्षांनी मारेल, जुन्या पत्र्यावरून आरपार खाली पडलेला माणूस त्याच दिवशी जातो. मी डोळ्यांनी पाहिलंय, एका शेडवर, नको ते. जुने लोक सांगतात बोल्टच्या रांगेवरून चाला, खाली पर्लिन, म्हणजे पत्रा टेकतो तो आडवा दांडा असतो, पण चाळीस वर्षांच्या पत्र्यावर मी तेही मान्य करत नाही. तुमची पडवी बुटकी असणार. आतून परांची बांधा, वळचणीच्या बाजूने शिडी, आणि वर चढायचंच झालं तर दोन वाशांवर टेकेल अशी लांब फळी टाकून फळीवरच राहायचं. ओला पत्रा आणि त्यावर शेवाळ म्हणजे साबण. म्हणून भिजवणारा खालून किंवा शिडीवरून भिजवेल, ओल्या पत्र्यावर कोणी उभं राहणार नाही.

बोल्ट. तुमचे जे-हूक (पत्रा आवळून धरणारे वाकडे बोल्ट) गंजून दगड झालेले असणार, ते नट फिरायचे नाहीत. पोरगं लगेच ग्राइंडर काढतं. ग्राइंडर नको, तो बोल्टबरोबर पत्राही कापतो आणि त्याची धूळ सगळ्यात बारीक. हुकाची दांडी खालच्या बाजूने बोल्ट कटरने तोडा, नाहीतर हॅकसॉ ब्लेडने. वेळ लागतो, लागू दे. ज्या क्रमाने घातले त्याच्या उलट क्रमाने काढायचे, आधी माथ्यावरचे कोनपत्रे, मग वरची ओळ, मग खालची, म्हणजे एकाखाली एक अडकून कडा तुटत नाहीत. दहा फुटी पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो, ओला झाला की अजून, तेव्हा तो धरायला दोन माणसं वर, दोन खाली. खाली टाकायचा नाही, हातात द्यायचा. नेहमी एकदोन तरी तुटतात, तुटला तर तिथेच पाणी मारून तुकडे ओल्या फडक्याने उचला.

वेळ म्हणाल तर तुमच्याकडे मेमध्ये अकरानंतर खाऱ्या वाऱ्याचा जोर असतो. सकाळी उजाडताच सुरू करा, दहाला बंद. घरातल्या खिडक्या बंद, वाळवण, कपडे, गुरं, पोरं सगळं लांब, खाली जमिनीवर जाड प्लास्टिक पसरलेलं. न्हाणीतली पाण्याची पिंपं झाकून ठेवा.

मास्क. हिरवा सर्जिकल किंवा तोंडाला बांधलेला पंचा म्हणजे काहीच नाही. कोविडमधले एन९५ उरलेत म्हणून तेही नको, यासाठी पी१०० किंवा पी३ दर्जाच्या फिल्टरचा रबरी अर्धमुखी मास्क लागतो, औद्योगिक सेफ्टीच्या दुकानात मिळतो. आणि चेहऱ्याला चिकटून बसायला दाढी साफ हवी, दाढीवाल्याच्या मास्कमधून कडेने हवा जातेच.

काम झालं की झाडू नाही. ओल्या फडक्यांनी पुसून फडकी प्लास्टिकमध्ये. कपडे तिथेच उतरवून आंघोळ. आगरातली, ते कपडे तुम्ही धुऊ नका आणि कोणाच्या आईला बायकोला धुवायला देऊ नका. पागोळींनी वर लिहिलंय ना तेच.

रानकेळ | ९ एप्रिल, सकाळी ६:५०

छान माहिती. एक शंका, पत्रा सिमेंटचा म्हणजे ॲस्बेस्टॉसचाच हे कशावरून? आमच्या दुकानदाराने दाखवले ते बिनॲस्बेस्टॉसचे होते म्हणे, दिसायला डिट्टो.

आणि आमच्याकडे पागोळ्यांचं पाणी टाकीत साठवतात, ते प्यायलं तर?

शिसपेन्सिल | ९ एप्रिल, दुपारी २:०५

नजरेने कळत नाहीच. असे पत्रे आता मिळतात, पण १९८६ चा पत्रा असेल तर चौकशी न करता ॲस्बेस्टॉस धरून चाला. खात्री हवी तर नखाएवढा तुकडा पाणी मारून, दोन पिशव्यांत बंद करून प्रयोगशाळेत द्यायचा, ते खास सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतात.

पाण्याचं म्हणाल तर पोटात गेलेल्या तंतूंनी त्रास होतो असा ठाम पुरावा जागतिक आरोग्य संघटनेलाही मिळालेला नाही, कित्येक गावांच्या जुन्या नळाच्या लाइनी ॲस्बेस्टॉस सिमेंटच्याच आहेत. पण टाकीच्या तळाशी बसलेला गाळ उपसून वाळवत मात्र घालू नका. वाळला की तो परत श्वासाचा विषय.

आगरातली | ९ एप्रिल, रात्री १०:३०

आणि टाकायचे कुठे? मी आज एका ऑफिसात फोन केला, तिथून दुसरा नंबर, तिथून तिसरा, तिसऱ्याने विचारलं, "मॅडम, तुमचा कारखाना कुठे आहे?"

शिसपेन्सिल | ९ एप्रिल, रात्री ११:२०

हसू नका, प्रश्न बरोबर होता त्याचा. 😀 आपल्याकडे घातक कचऱ्याची सगळी रचना कारखान्यांसाठी आहे. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे त्यासाठी खास अस्तर घातलेले खड्डे आहेत, तिथे पुरतात. मोठी शेड असली की आम्ही रीतसर पाठवतो. एका घरच्या तीसेक पत्र्यांसाठी घरी येऊन नेणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही, खोटं कशाला सांगू.

तोपर्यंत अख्खे पत्रे ओले असतानाच दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, टेप लावून, मोठ्या अक्षरात लिहून, जिथे कोणी हात लावणार नाही अशा जागी उभे न ठेवता आडवे रचा. तुकडे जाड पोत्यात, तेही दुहेरी. खाडीत नाही, ओढ्यात नाही, रस्त्याच्या खड्ड्यात भराव म्हणून तर मुळीच नाही, गाड्या त्याचं पीठ करतात. भंगारवालाही नको, तो फोडूनच नेणार. जवळपास एखाद्या कारखान्याची शेड उतरत असेल तर त्यांच्या कंत्राटदाराशी बोलून तुमचे त्यांच्यात जातात का बघा.

आगरातली | १९ मे, रात्री ९:१५

मंडळी, काम झालं, वृत्तान्त देते.

फॅब्रिकेटरला सांगितलं तर आधी हसला. म्हणाला वहिनी वीस वर्षं हेच करतोय. मग मी त्याला पागोळींची पोस्ट वाचून दाखवली, त्यांची परवानगी न घेता, माफ करा. तो गप्प बसला, मग म्हणाला, मला पण सकाळचा खोकला आहे. विडी पण ओढतो म्हणाला. डॉक्टरला दाखवून नोकरी काय केली ते आपणहून सांगा असं सांगितलंय, जातो का बघू.

अर्ध्या दिवसाचं काम तीन सकाळी चाललं. चार मास्क मुंबईहून नेले होते, कामावरच्या एका पोराची दाढी होती आणि त्याचं लग्न होतं पुढच्या आठवड्यात, तो दाढी काढेना. त्याला खाली प्लास्टिक कापायच्या कामावर ठेवला, सगळ्यात लांब. बाकीच्यांची मजुरी तीन दिवसांची दिली, त्यावरून अण्णा माझ्याशी एक दिवस बोलले नाहीत. तेहतीस पत्र्यांपैकी चार तुटले. मुलगा आत्याकडे रोह्याला होता.

पायवाटेवरचे आणि आळ्यांतले तुकडे मी आणि नवऱ्याने पाणी मारून मारून उचलले, अकरा पोती झाली. कंबर गेली. एवढे तुकडे होते याचा अंदाजच नव्हता, जिथे खणावं तिथे.

गुंडाळलेले सगळे पत्रे मागच्या खोपीत आहेत. शिसपेन्सिल म्हणाले तसं एका कंत्राटदाराशी बोलणं चालू आहे, पावसाळ्यानंतर बघतो म्हणालाय.

रंगीत पत्रे तापतात मात्र. अण्णा दुपारी पडवीत झोपत नाहीत आता, ओटीवर येतात आणि माझ्याकडे बघत पंख्याने वारा घेतात.

पागोळी | १९ मे, रात्री १०:०२

परवानगी काय त्यात. वाचून दाखवलंत ते बरं केलंत.

आगरातली | २१ मे, सकाळी ८:४०

एक अपडेट. काल शेजारच्या काकी आल्या होत्या, म्हणाल्या, अगो, ते अख्खे पत्रे नुसते पडलेत तर दे की चार, कोंबड्यांच्या खुराड्यावर घालते. मी त्यांना बसवून सगळं समजावलं, चहा केला, त्यांनी पण हो हो केलं.

आज सकाळी खोपीत गेले तर एक गठ्ठा सोडलेला. अण्णांनी रात्रीच देऊन टाकलेत, "शेजारधर्म आहे" म्हणे. खुराड्यावर चढलेत सुद्धा, आणि मापाला बसेनात म्हणून काकांनी एक करवतीने कापलाय.

शिसपेन्सिल, आता त्या भुशाचं काय करू? वारा सुटायच्या आत सांगा.

शिसपेन्सिल | २१ मे, सकाळी ८:४४

पाणी. आत्ता. झारीने हळू शिंपडा, पाइपचा फवारा मारू नका, उडेल. मास्क लावून जा आणि काकांना झाडू हातात घेऊ देऊ नका.

आगरातली | २१ मे, सकाळी ८:४५

झारी घेऊन निघाले.